जून लागला की कूलर निकामी आणि एसीचा भरवसा नाही, खान्देशातले लोक काय करता?

भुसावळची_सून

राम राम मंडळी. आम्ही भुसावळला राहतो, दुमजली घराचा वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. मे महिन्याचं मी काही विचारत नाहीये, ४५ ला आपण सगळे मुरलेले आहोत. खिडकीत मोठा लोखंडी कूलर आहे, पडदे ओढले, पंप चालू केला की हॉल छान गार होतो, नवतपा पण निघून जातो. खरा वैताग मृगाच्या तोंडावर सुरू होतो. एखादी वळवाची सर येते, पारा ४५ वरून ३६-३७ वर येतो, टीव्हीवाले म्हणतात नागरिकांना दिलासा, आणि घरात मात्र कपडा अंगाला चिकटलेला, उशी दमट, डब्यातलं मीठ ओलं आणि कूलर लावला की आधीपेक्षा जास्त घुसमटायला होतं.

बेडरूमला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे, खोली १० बाय १२. मेमध्ये बरा चालला. आता रात्री दहाच्या सुमारास कुठलातरी कोड लुकलुकतो आणि बंद पडतो, पाच-दहा मिनिटांनी आपला आपण चालू, परत बंद. दिवसा चालू राहतो पण २० वर ठेवला तरी खोली गार होत नाही. वरून आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी गळतं ते वेगळंच. मेस्त्री येऊन गेला, त्याने पाईपला हात लावून बघितला आणि म्हणाला गॅस संपलाय, भरावा लागेल. दीर म्हणता हा काढून टाका, सरळ दोन टनाचा घ्या.

मिस्टर रेल्वेत लोको पायलट (इंजिन ड्रायव्हर) आहेत, नाईट करून सकाळी घरी आले की त्यांना दिवसा झोप मिळालीच पाहिजे, तो काही चैनीचा विषय नाही आमच्याकडे. सासूबाई पंचाहत्तरीच्या, बीपीची गोळी चालू. त्यांना एसीत झोप येत नाही, हॉलमध्ये कूलरसमोर बाज टाकून पडता, म्हणून मी बेडरूमचं दार अर्धं उघडं ठेवते म्हणजे त्यांच्याकडे पण थोडा गारवा जाईल. तर गॅस भरू का नवीन एसी घेऊ, आणि या चिकचिकीत लाईट गेल्यावर घरातली म्हातारी माणसं तुम्ही कशी सांभाळता, एवढं सांगा.


सायन्सवाले_सर (जळगाव)

मॅडम, एसीकडे नंतर येऊ, तुमच्या पोस्टमधलं शेवटून दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉलमध्ये पाण्याचा कूलर चालू आणि बेडरूमचं दार अर्धं उघडं. म्हणजे कूलर हवेत पाणी सोडतोय आणि एसी तेच पाणी हवेतून काढत बसलाय, आणि दोघांचं बिल तुम्ही भरताय.

थोडं आकड्यात सांगतो कारण त्याशिवाय घरच्यांना पटत नाही हा माझा अनुभव. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिटच्या थोडी कमी, ०.६७ किलोवॅट-तास एवढी उष्णता लागते. कूलर थंडावा देतो तो यातूनच, हवेतली उष्णता पाण्याच्या वाफेत जाते. पण तीच वाफ एसीच्या थंड कॉइलवर परत पाणी होते तेव्हा तेवढीच उष्णता एसीला उचलावी लागते. दीड टन म्हणजे सुमारे ५.२ किलोवॅट एवढी उष्णता बाहेर टाकायची ताकद. उघड्या दारातून तासाला दोन-तीन लिटर पाण्याएवढी वाफ आत आली तर त्यातले दीड-दोन किलोवॅट तिथेच गेले. खोली गार करायला उरलं किती? त्यात तुमचा स्लॅब दिवसभर तापलेला.

कूलर जूनमध्ये का फेल होतो तेही याच हिशोबात आहे. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर पाण्याच्या वाफेने हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर प्रत्यक्षात २७ च्या आसपास देतो, म्हणजे ४३ च्या बाहेरून आलेल्या माणसाला काश्मीरच. आता जूनमध्ये ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के घ्या, तीच मर्यादा २९ वर येऊन थांबते, कूलरमधून ३०-३१ ची हवा मिळते आणि ती पण पाण्याने गच्च भरलेली. अंगावरचा घाम वाळायला जागाच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. त्यामुळे ३६ चा जून ४३ च्या मेपेक्षा जास्त नको वाटतो यात तुमच्या मनाचे खेळ काही नाहीत.

मग कूलरचं करायचं काय, तर पंप बंद. नुसता पंखा म्हणून वापरा, गवत पण कोरडं होऊ द्या, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे हवा आरपार जाईल. आपल्याकडे अर्धी जनता कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दारं-खिडक्या लावून बसते, ते तर मेमध्ये सुद्धा चूक आहे, कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला आणि ओली हवा बाहेर जायला वाट लागते. जुने लोक वाळ्याचे पडदे पण वाऱ्याच्या तोंडालाच लावत होते ना.

आणि बेडरूमचं दार पूर्ण बंद. दाराखालची फट जुन्या चादरीने बुजवा. सासूबाईंना एसी का नको ते एकदा विचारा, बहुतेक वेळा थेट अंगावर येणारी हवा नको असते, एसी नको नसतो. झडप वर करून २७ ला ठेवून बघा.


एसीवाला_भाऊ

वहिनी मी हेच काम करतो, जळगाव-भुसावळ-वरणगाव पट्ट्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाइप करायचा कंटाळा आहे तर चुकभूल सांभाळून घ्या.

पहिलं, गॅस हा काही गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद पाईपात फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. हात लावून गॅस सांगणाऱ्याला चहा पाजा आणि रवाना करा. गेज लावून प्रेशर बघावं लागतं, क्लॅम्प मीटरने अँपिअर बघावे लागता, फ्लेअर नटाजवळ (पाईपच्या जोडाचा नट) तेलकट डाग दिसतो का ते बघावं लागतं. नवीन एसीत आर-३२ गॅस असतो, तो थोडा पेट घेणारा आहे, तर घरगुती प्रयोग नको. तुम्हाला घरी करता येईल अशी एक साधी टेस्ट सांगतो: खोलीत वापरायचा थर्मामीटर आधी एसीच्या वरच्या जाळीपाशी धरा, मग खालून गार हवा येते तिथं. पंधरा मिनिटं एसी चालल्यावर दोघांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस बहुतेक ठीक आहे आणि रोग दुसरीकडे आहे. दमट दिवसात फरक थोडा कमी दाखवतो, सरांनी सांगितलं त्याच कारणाने.

पाणी गळतं ते ९० टक्के केसमध्ये ड्रेन पाईप चोंदलेला असतो, आत धुळीचा शेवाळी चिखल बसतो. मेमध्ये कोणालाच कळत नाही कारण हवेत पाणीच नसतं, बादलीत थेंब पडत नाही. जून लागला की तोच एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो आणि मग भिंत ओली. पाईप बाहेरून फुंकून किंवा ओल्या-सुक्या व्हॅक्यूमने ओढून साफ होतो. फिल्टर पंधरा दिवसाला नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. फिल्टर चोंदला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की पण पाणी भिंतीवरच येतं, तेव्हा ते पण बघा.

दिवसा गार होत नाही त्याचा मला संशय आऊटडोअरवर (बाहेरच्या युनिटवर) आहे. गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला टांगलंय का? मे महिन्यातल्या वावटळी, धूळ, कचरा सगळं त्याच्या मागच्या जाळीत बसतं आणि वर एक पाऊस पडला की त्याची पापडी होते. मेन स्विच बंद करून साध्या नळाच्या धारेने धुवायचं, प्रेशर गन नको, पत्रे वाकता. सावली करायची तर वर दोन-तीन फूट सोडून नेट टाका, पण काही लोक चारी बाजूंनी खोकं बांधून टाकता, मग गरम हवा तिथल्या तिथे फिरते आणि कॉम्प्रेसर उकळतो.

आता रात्री दहाचा प्रॉब्लेम. हा मला सरळ सरळ व्होल्टेजचा वाटतो. दहाला सगळ्या गल्लीचे एसी एकदम चालू होता. स्टॅबिलायझर आहे का तुमच्याकडे? कोड कोणता येतो? आणि रात्री दहाला व्होल्टेज किती असतं ते बघून टाका इथं.

दोन टनाचं मात्र मनातून काढा. १० बाय १२ ला दीड टन भरपूर. मोठा एसी खोली चटकन गार करून चटकन थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग गार पण चिकट अशी खोली होते. आणि ज्या लाईनीवर दीड टन तगत नाही तिथं दोन टन काय तगणार.


अमळनेरना_भो

आमनाकडे बी हाईच रडगानं शे भो. पण एक सांगू का, आपण सगळे एसीच्या मागे लागलो आणि धाब्याची घरं पाडली तिथंच गोंधळ झाला. आजीच्या धाब्याच्या घरात मातीचं छप्पर हातभर जाड, भिंती दोन-दोन फूट, दुपारी आत गेलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. रात्री सगळे धाब्यावर वाकळी टाकून झोपायचे. कैरीचं पन्हं, ताक, कांदा, बस. कोणाला कोड येत नव्हता आणि कोणाचा कॅपॅसिटर उडत नव्हता.


सायन्सवाले_सर (जळगाव)

भाऊ, धाब्याचं घर मेसाठी नंबर एक, त्यात वाद नाही. जाड माती दिवसाचं ऊन अडवते आणि रात्री आभाळ कोरडं असलं की छप्पर भराभर गार होतं. पण जूनमध्ये रात्री ढग, वारा पडलेला, किमान तापमानच २८-२९. तेव्हा धाब्यावर झोपून कोण सुखी होत होतं ते तुमच्या आजीलाच विचारा, आणि डास सोबतीला. ढगांमुळे जमिनीची उष्णता वर निघून जात नाही, त्यामुळे या दिवसात रात्र दिवसापेक्षा जास्त छळते.


अमळनेरना_भो

डासांचं खरं शे. मच्छरदानी लावली की वारा बंद, काढली की डास. ते आजीने पण सांगितलं होतं पण मी विसरायचं ठरवलं होतं 😄


भुसावळची_सून

सगळ्यांना धन्यवाद, एवढं लिहिलं तुम्ही. सर, दार बंद केलं आणि हॉलच्या कूलरचा पंप बंद केला, बेडरूममध्ये खरंच फरक पडला, २६ ला सुद्धा बरं वाटतंय. सासूबाईंनी मात्र पंप परत चालू केला, म्हणता नुसता वारा काय कामाचा.

एसीवाले भाऊ, स्टॅबिलायझर आहे, पण तो फ्रिजबरोबर मिळालेला होता तोच एसीला लावलाय. त्याच्यावर आकडे येता. दुपारी २२५-२२८ दाखवतो, रात्री दहाला १७८, एसी चालू व्हायला गेला की १६५ आणि कट. एक गोष्ट अजून, एसी चालू होताना किचनची ट्यूब डिम होते, पण शेजारच्यांकडे विचारलं तर त्यांच्याकडे काही होत नाही म्हणे. प्लग काढला तर एक पिन तपकिरी झालेली दिसली.


एसीवाला_भाऊ

वहिनी प्लगचा फोटो न बघता सांगतो, तो प्लग आजच वापरायचा बंद करा. पिन तपकिरी म्हणजे सॉकेट ढिलं आहे, तिथं गरम होतंय. लोकांना वाटतं एसी बिघडला, आणि आगीचं कारण तो वीस-पंचवीस वर्षं जुना सॉकेट असतो. एसीला बोर्डापासून स्वतंत्र लाईन पाहिजे, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडतो तो स्विच), आणि प्लगच्या ऐवजी थेट एसी बॉक्स बसवला तर सगळ्यात चांगलं.

तुमच्या इथं दोन गोष्टी एकत्र झाल्यासारख्या दिसता. रात्री १७८ म्हणजे गल्लीतच व्होल्टेज कमी आहे, डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त. पण एसी चालू होताना फक्त तुमचीच ट्यूब डिम होते आणि अजून १३ व्होल्ट खाली जाता म्हणजे तुमच्या स्वतःच्या लाईनीत कुठेतरी सांधा ढिला आहे, खांबावरून येणाऱ्या केबलला, मीटरला नाहीतर बोर्डात. चांगला वायरमन बोलवून सगळे सांधे आवळून घ्या, खांबावरचं आणि मीटरच्या आधीचं काम मात्र लाईनमननेच करायचं, १९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा.

स्टॅबिलायझर फ्रिजचा आहे तर तो काढा, दीड टनाला ४ केव्हीएचा लागतो, आणि घेताना वरची रेंज बघू नका, खालची बघा, आपल्याकडे खालची जास्त कामाला येते. पण आधी सांधे, मग स्टॅबिलायझर, हा क्रम उलटा करू नका. कारण स्टॅबिलायझर व्होल्टेज काही हवेतून आणत नाही, १७० चे २२० करायला तो मागून जास्त करंट ओढतो, आणि ढिल्या सांध्यातून जास्त करंट गेला की तो सांधा अजून तापतो. मी बघितलेली जळालेली मीटरं अशीच आहेत.

अजून एक, सगळ्यांनीच लक्षात ठेवा. घरातले काही दिवे एकदम जास्त उजळले आणि काही मंद झाले तर ते साधं लो व्होल्टेज नाही, न्यूट्रल सुटलाय. तीन फेज घेतलेल्या घरात हे घरातच दिसतं, नाहीतर आपल्याकडे उजळतं आणि शेजारी मंद होतं. तेव्हा मेन स्विच पाडायचा आणि मगच फोन करायचा. त्यात टीव्ही, फ्रिज, एसीचं कार्ड सगळं एका झटक्यात जातं.


शिरपूरची_सिस्टर

मी दवाखान्यात नर्स आहे, एसीतलं मला कळत नाही, सासूबाईंचं सांगते. आणि त्याआधी त्या लोखंडी कूलरचं. ताई, त्याला आर्थिंग आहे का? तीन पिनी प्लगची वरची जाड पिन नुसती दाखवायला असते बऱ्याच घरात, मागे वायरच जोडलेली नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागलेली माणसं दर उन्हाळ्यात येता आमच्याकडे, काहींना आणेपर्यंत उशीर झालेला असतो. प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, लहान मुलांना कूलरला हात लावू द्यायचा नाही, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, वायरमन येणारच आहे तर त्याच दिवशी. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती अंडी टाकीच्या कडेला चिकटून बसता, नुसतं पाणी बदललं तर जात नाहीत.

आता सासूबाई. पंचाहत्तरीत तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून विचारत बसू नका पाणी हवं का, तांब्या-भांडं हातात द्या. ताक, पन्हं चांगलं पण मीठ बेताने, बीपी आहे. ओआरएस रोज सरबतासारखं पाजू नका, जुलाब झाले किंवा फारच घाम गेला तर द्यायचं, घरी करायचं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर या दिवसात डोस तसाच ठेवायचा का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

पंख्याचं असं आहे, हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम झळ मारतो, पण जूनच्या ३५-३६ ला तो कामाचा असतो. सुती ओला रुमाल मानेवर, हातांवर फिरवायचा आणि वर पंखा, हॉलभर ओलावा करण्यापेक्षा तेवढंच पाणी अंगावर वापरलेलं बरं. त्यांना कूलरची सवय आहे तर पंप दुपारी थोडा वेळ चालू आणि खिडकी उघडी असं काहीतरी तडजोडीचं करा, भांडण करून उपयोग नाही. घामोळ्यांवर पावडरचे थर देऊ नका, घामात त्याचा लगदा होतो.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा: म्हातारं माणूस एकदम असंबद्ध बोलायला लागलं, झोपेतून नीट उठेना, अंग चटका बसेल असं तापलं, मग घाम येत असो की नसो, तो साधा थकवा नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ, पंखा फुल आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.


धुळेकर_७६

वरचा मजला म्हणालात म्हणून लिहितो, एसी-कूलरवर एवढी चर्चा आणि स्लॅबचं कोणीच बोललं नाही. संध्याकाळी घरात छताला हात लावून बघा, रात्री नऊला पण गरम असेल. मूळ शेगडी ती आहे.

आम्ही दर वर्षी मार्चमध्ये गच्चीला चुना मारतो. विरी गेलेला चुना, त्यात थोडं फेव्हिकॉल, ब्रशने दोन हात, आधी गच्ची घासून स्वच्छ करायची नाहीतर पापुद्रे निघता. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं, तापलेला सिमेंट रंग ते सगळं पिऊन घेतो. खर्च नाहीच्या बरोबर, पण एका पावसाळ्यात धुऊन जातो म्हणून दर वर्षी करायचं. बाजारातला कूल रूफ पेंट महाग पण काही वर्षं टिकतो. चुना उडून डोळ्यात गेला तर इजा होते, गॉगल लावा आणि भर दुपारी करू नका, पांढऱ्यावर डोळे दिपता.

दुसरं म्हणजे हिरवी शेडनेट, रावेर-यावलकडे रोपवाटिकेवर असते तीच. गच्चीवर पाईप किंवा बांबू उभे करून सहा-सात फुटावर ताणायची, खालून वारा खेळला पाहिजे. वावटळीत उडू नये म्हणून नीट बांधा, आमची एकदा शेजारच्यांच्या निंबावर जाऊन बसली होती, त्यांनी आठवडाभर तिच्याखाली खाट टाकली आणि परत द्यायला नाही म्हणत होते.

गच्चीवर पाणी मारायचं काही लोक सांगता. मेमध्ये फायदा होतो पण पाणी आहे कुठं आपल्याकडे, आणि जूनमध्ये ते लवकर वाळत नाही. त्यापेक्षा एसीचं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला, झाडांना चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका, लोक डिस्टिल्ड वॉटर समजून घालता, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो.


भुसावळची_सून

बॅटरीत आम्ही तेच घालत होतो 🙈 बरं झालं सांगितलं.

वायरमनला सांगितलंय. तो म्हणे एवढं करताच आहात तर इन्व्हर्टर मोठा घ्या, लाईट गेल्यावर एसी त्याच्यावर चालवा. नाहीतर सोलर बसवा म्हणजे लाईट गेली तरी एसी चालू. हे खरं आहे का?


एसीवाला_भाऊ

इन्व्हर्टरवर एसी डोक्यातून काढा. घरातली १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातले हाताला येता बारा-तेराशे. दीड टनाचा एसी सुरुवातीला दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो, घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तो उचलणारच नाही. मोठा घेतला, बॅटऱ्या वाढवल्या तरी पैसे वाजवून मोजावे लागता. त्याच पैशात बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्या, ते ३० वॅटच्या आसपास खाता, साधा पंखा ७५. तीन पंखे आणि एक-दोन एलईडी, तुमची आहे ती बॅटरी रात्रभर खेचेल. मिस्टरांना झोपायच्या आधी खोली २४ पर्यंत गार करून ठेवा, दार बंद, पडदे बंद, लाईट गेली तरी तास-दीड तास तग धरते खोली, वर नेट असेल तर अजून. आणि लाईट आली की एसी लगेच चालू करू नका, आधी व्होल्टेज बघा, लाईट येताना झटका जास्त असतो.


सायन्सवाले_सर (जळगाव)

सोलरबद्दल वायरमनचं अर्धं खरं आहे. पीएम सूर्यघर योजनेत, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली ती, घरांना ३ किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि दिवसा झोपणाऱ्या लोको पायलटच्या घरात दुपारचा एसी सोलरवर चालणं म्हणजे बिलाला चांगलाच आराम. पण हे ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनीला जोडलेलं सोलर असतं. लाईट गेली की ते पण मुद्दाम बंद होतं, कारण तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाईनीत गेली तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाईल. लाईट गेल्यावर चालायला बॅटरीवाला हायब्रिड लागतो, तो बराच महाग आणि त्या बॅटरीचं अनुदान यात धरलेलं नाही. त्यामुळे बिल कमी करायला घ्या, लाईट जाण्यावर इलाज म्हणून घेऊ नका. पॅनलखाली गच्चीला सावली होते तो फायदा मात्र धुळेकरांच्या शेडनेटसारखाच, आणि तो वाऱ्याने उडून निंबावर जात नाही.

अर्ज करायच्या आधी लाईट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेवढं बघा. एसी घेतला पण भार वाढवला नाही अशी निम्मी घरं आहेत आपल्याकडे, गल्लीतल्या सगळ्यांनी खरा भार नोंदवलेला असेल तर डीपी मोठी करायची मागणी करताना हातात कागद असतो.


भुसावळची_सून

बिलावर १ किलोवॅट लिहिलंय. गल्लीच्या ग्रुपवर टाकते आत्ताच, बघू किती जणांचं तेवढंच निघतं.